पहिला घोडा घेताय? मग या चुका टाळा

दत्तजयंती जवळ आली की फोन सुरू होतात. "सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला निघालोय, घोडा घ्यायचाय, जरा टिप्स द्या." मी देतो. समोरचा हो हो म्हणतो आणि चार दिवसांनी फोटो पाठवतो: पांढराशुभ्र नुकरा, तीन वर्षांचा, खच्ची न केलेला नर, गळ्यात घुंगरमाळ. खाली लिहिलेलं, "कसा वाटतो?" पैसे मोजून झाल्यावर आता मला कसाही वाटून काय उपयोग!

बाजारात बघून बाजारातच घेणं

नवख्यांची ही सगळ्यात लाडकी चूक. यात्रेत गोंगाट असतो, शेजारी शेकडो घोडे असतात आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकासमोर त्याच घोड्याला पळवलेलं असतं. संध्याकाळपर्यंत तो इतका दमतो की लहान पोरानं पाय धरला तरी हलत नाही. आपण म्हणतो, "किती गरीब आहे हो!" काही महाभाग तर सुई टोचूनच उभा करतात. गुंगीची किंवा दुखणं दाबणारी, जशी गरज असेल तशी.

फलटणकडच्या माझ्या ओळखीतल्या एकानं अशीच एका यात्रेतून घोडी आणली. तिथे वाळूत पळवून दाखवली, झकास पळाली. रुमालाखाली बोटं धरून सौदा झाला, कागद नाही, चिठ्ठी नाही. घरी आल्यावर दोन-तीन दिवसांत डावा पुढचा पाय जपायला लागली. त्याला वाटलं टेम्पोत मार लागला असेल. मी गेलो, मऊ मातीत चालवून बघितली तर फारसं काही कळेना. मग डांबरी रस्त्यावर नेली, दोरी सैल सोडून दुडकीवर घेतली. डावा पाय टेकला की मान वर, उजवा टेकला की खाली. पुढचा पाय दुखत असला की त्यावर भार येऊ नये म्हणून घोडा मान उचलतो. मऊ जमिनीत हे पुष्कळदा लपतं, डांबरावर सहसा लपत नाही. एक्स-रे काढला तर खुराच्या आतलं हाड झिजलेलं, दुखणं जुनं. विकणाऱ्या हेड्याला, म्हणजे दलालाला, फोन केला तर आधी म्हणाला, "प्रवासानं होतं, मालिश करा." नंतर फोन उचलणंच बंद. घोडी आजही घेणाऱ्याच्याच दारात उभी आहे. तिच्यावर बसता येत नाही, आणि तशीच कुणाच्या तरी गळ्यात बांधायची नाही एवढी लाज त्याला आहे. रोजचा चारा मात्र चालूच.

म्हणून माझी सवय अशी: यात्रेला जावं, चार घोडे बघावेत, फोन नंबर घ्यावेत आणि रिकाम्या हातानं परत यावं. मग मालकाच्या घरी, सकाळी लवकर, शक्यतो न कळवता जावं. आधी घोड्याच्या पाठीला हात लावून बघतो. घाम वाळून केस चिकटलेले असतील तर आपण येण्याआधीच कुणीतरी त्याची रग जिरवलेली असते. मालकाला किंवा त्याच्या माणसाला आधी बसायला सांगतो. "आज कंबर दुखतेय" वगैरे सुरू झालं की चहा प्यायचा आणि निघायचं. चारही पाय उचलून बघतो. इतर घोड्यांपासून लांब, एकट्याला रस्त्यानं नेतो, कारण कळपात शहाणा असलेला घोडा एकटा पडला की ओरडून गाव गोळा करतो. पंधरा दिवसांनी परत एक फेरी. डॉक्टर आपला न्यायचा, विकणाऱ्यानं सुचवलेला नाही. "तोवर दुसरा कोणी घेऊन जाईल" असं म्हणणारे खूप भेटतात. घेऊन जाऊ दे की! घोडे संपलेले नाहीत.

"आम्ही दोघं बरोबरच शिकू"

हे वाक्य ऐकलं की मला धडकी भरते. नवा स्वार आणि कोवळा घोडा म्हणजे दोन्ही डोळ्यांवर पट्टी बांधून घाट उतरणं. पहिल्यांदा तुमचा तोल जाईल, तुम्ही लगाम खेचाल, टाच लागेल. जाणता घोडा थांबतो. तीन वर्षांचा उधळतो, आणि तुम्ही पडलात की उधळल्यावर सुटका होते हे त्याला पक्कं कळतं. पुढे ते काढायला खरा जाणकार लागतो आणि महिने जातात.

पहिल्या घोड्यासाठी दहा-बारा वर्षांची, ट्रॅक्टर, कुत्री, डीजे सगळं बघितलेली घोडी किंवा खच्ची केलेला घोडा घ्या. लोक "म्हातारा आहे" म्हणून नाक मुरडतात. नीट ठेवलेला घोडा पंचवीस वर्षं जगतो, म्हणजे अर्धं आयुष्य शिल्लक असतं.

बाजारातला प्रत्येक घोडा "चार वर्षांचा" असतोच, त्यामुळे तोंड उघडून बघा. पुढचे दुधाचे दात अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास जोडीजोडीनं बदलतात, पाचव्या वर्षी तोंड पूर्ण होतं. वरच्या कोपऱ्यातल्या दातावर साधारण दहाव्या वर्षी हिरडीजवळ खाच दिसू लागते, पंधराव्या वर्षी ती निम्म्यावर येते, विसाव्याला टोकापर्यंत. अंदाजच असतो, पण चार आणि चौदातला फरक नक्की कळतो.

इंच, रंग आणि भोवरे

"उंचीला चौसष्ट इंची आहे!" बरं मग? तुमचं वजन किती ते सांगा. खोगिरासकट भार घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, एवढा हिशोब पुरतो. पोरांसाठी आणि हलक्या माणसांसाठी आपलं भीमथडी तट्टू उत्तम, कमी लाडात राहतं. पंचकल्याण, म्हणजे चारही पाय आणि तोंड पांढरं असलेला घोडा, दिसायला सुंदर, त्यानं चाल सुधारत नाही. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांवरून शुभ-अशुभ ठरवतात, त्यावर माझा विश्वास नाही, पण पुढच्या गिऱ्हाइकाचा असतो. उद्या विकायचा झाला तर भाव पडेल, तेवढं लक्षात ठेवून घासाघीस करा. नाचकामाचा घोडा हौसेनं बसायला घेऊ नका. ढोल वाजला की तो तुमचं ऐकणार नाही.

नालबंद न शोधता घोडा आणणं

आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या बैलांना पत्री ठोकणारे गावोगाव मिळतात, म्हणून लोक त्यांनाच बोलावतात. बैलाचा खूर दुभंगलेला, घोड्याचा एकसंध. खिळा एका बोटानं आत गेला तरी घोडा लंगडा होतो. सहा ते आठ आठवड्यांनी खूर छाटावे लागतात, तेव्हा आधी नालबंद ठरवा, मग घोडा बघा.

एकटा ठेवणं

घोडा कळपातला प्राणी आहे. दुसरा घोडा परवडत नसेल तर निदान शेळी-गाढव सोबतीला ठेवा.

ग्लँडर्सची तपासणी टाळणं

हा रोग माणसालाही होतो, आणि बाधित घोड्याला दयामरण देण्यावाचून इलाज नसतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यातून रक्ताचा नमुना तपासायला पाठवता येतो, हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात ही तपासणी होते. अहवाल येईपर्यंत पैसे अडवून धरा. "आमच्याकडे कधी झाला नाही" हा अहवाल नव्हे. धनुर्वाताची लस दिली आहे का तेही विचारा.

पहिल्याच दिवशी लाड

नवा घोडा आला की घरातले सगळे घमेलं भरून हरभरा घेऊन उभे. शेजारी लसूणघासाचा भारा आणतो. असा एकदम बदललेला चारा पोटशूळाला आमंत्रण देतो. घोड्याला उलटी करता येत नाही, आत गेलं ते आतच कुजतं. ३५० किलोच्या घोड्याला रोज ६-७ किलो कोरडा चारा हवा, चंदी, म्हणजे दाणा, त्यानंतर आणि कामाप्रमाणे. पाणी २५-३० लिटर, उन्हाळ्यात आणखी. सौदा करतानाच विकणाऱ्याकडून तो खात असलेल्या चाऱ्याची पंधरा दिवसांची पोती मागून घ्या आणि तुमचा चारा त्यात थोडा थोडा मिसळत जा. घोडा मागे वळून पोटाकडे बघतोय, जमीन उकरतोय, लीद बंद झालीय असं दिसलं तर चारा काढून घ्या आणि डॉक्टरला फोन लावा. ओवा-हिंगाचा काढा पाजायला शेजारी धावत येतील, त्यांना दाराबाहेरच थांबवा. जबरदस्तीनं पाजलेला काढा फुफ्फुसात गेला तर पोट राहतं बाजूला आणि घोडा त्यानंच जातो.