नाताळच्या सकाळचा पोर्क पाय : या चुका टाळा

इंग्लंडमध्ये नाताळच्या सकाळी घरोघरी अंडी, बेकन आणि सॉसेज यांचीच थाळी वाढली जाते, असे धरून चालणे ही पहिली चूक होय. लेस्टरशर, नॉटिंगहॅमशर आणि लिंकनशर या परगण्यांत, तसेच यॉर्कशरच्या काही भागांत, त्या न्याहारीचा मान पोर्क पायला (pork pie) असतो. मैद्याच्या जाड कवचात भाजलेले डुकराचे मांस, त्याभोवती हाडांच्या रसाची गोठलेली जेली, शेजारी मोहरीची चटणी आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेले कांदे, असा तो बेत असतो. त्या भागात राहणारी मराठी कुटुंबे हौसेने हा पदार्थ घरी करू पाहतात, तेव्हा तो बिघडतो तो बहुधा घाईमुळे.

पंचवीस डिसेंबरला पहाटे उठून पोर्क पाय भाजायला घेणे, ही त्यातली सर्वांत मोठी चूक आहे. हा मुळातच आधी करून ठेवण्याचा आणि थंड खाण्याचा पदार्थ आहे. लेस्टरशरमधल्या मेल्टन मोब्रे गावाच्या परिसरात स्टिल्टन चीज तयार होताना उरणारी निवळी डुकरांना पाजली जात असे, हिवाळ्याच्या तोंडावर डुकरे कापली जात, आणि शीतकपाट नसलेल्या त्या काळात जाड कवच व जेली यांच्या आत मांस काही दिवस टिकत असे. एकोणिसाव्या शतकात मेल्टनचे पोर्क पाय घोडागाडीने लंडनपर्यंत जात, ते याच टिकाऊपणाच्या बळावर. म्हणून भाजण्याचे काम तेवीस तारखेला उरकावे, रात्रभर फ्रीजमध्ये जेली गोठू द्यावी, आणि नाताळच्या सकाळी खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवावे. तो ओव्हनमध्ये गरम केला तर जेली वितळून तळाचे कवच भिजते. यॉर्कशरमध्ये मात्र पोर्क पाय गरम खाण्याचीही पद्धत आहे, त्यामुळे तिकडच्या यजमानांकडे वाफाळता तुकडा पुढे आला तर त्यात काही गैर मानू नये.

दुसरी अडचण कवचाची. साधारण साडेचारशे ग्रॅम मैदा व चमचाभर मीठ घेऊन त्यात दीडशे ग्रॅम लार्ड, म्हणजे डुकराची शुद्ध केलेली चरबी, आणि पावणेदोनशे मिलिलिटर पाणी एकत्र उकळून ओततात. लोण्याचे खुसखुशीत पीठ मळण्याची सवय असलेले लोक येथेही सगळे गार ठेवायला जातात आणि पीठ फाटते. उकडीच्या मोदकांची उकड जशी हाताला सोसेल इतकी गरम असतानाच मळावी लागते, तसेच याचेही आहे. फरक इतकाच, की मळून झाल्यावर हे पीठ झाकून कोमट होऊ द्यावे लागते, कारण फार गरम पिठाच्या भिंती उभ्या राहत नाहीत, खाली बसतात. मेल्टनचे कारागीर डॉली नावाच्या लाकडी ठोकळ्याभोवती पीठ वर चढवतात आणि साच्याशिवाय भाजतात, म्हणूनच तेथील पोर्क पायच्या बाजू फुगीर दिसतात. घरी पहिल्यांदा करणाऱ्याने तळ सुटणारा टिन वापरावा. चवीत काही उणे येत नाही.

मांस मिक्सरमधून काढू नये. खांद्याचे ताजे मांस सुरीने वाटाण्याएवढे चिरावे, त्यात मीठ आणि पांढरी मिरी सढळ हाताने घालावी, कारण थंड पदार्थात मीठ-तिखट जिभेला कमी जाणवते. ओव्हन आधी दोनशे अंशांवर अर्धा तास आणि मग एकशे ऐंशीवर साधारण तासभर ठेवावा; मधोमध तापमापक खुपसल्यावर पंचाहत्तर अंश दिसले पाहिजेत. कापल्यावर आतला रंग करडा दिसला म्हणून मांस खराब झाले असे समजून फेकून देणारे लोक आहेत. खारवून मुरवलेले मांस भाजल्यावरही गुलाबी राहते, तर मेल्टनच्या पद्धतीत ताजे मांस वापरतात आणि ते भाजल्यावर करडे होणारच.

जेलीकडे मात्र बारकाईने लक्ष द्यावे. डुकराचे खूर आणि हाडे मंद आचेवर किमान तीन तास उकळून, गाळून, रस आटवावा आणि त्यातला चमचाभर गार बशीवर टाकून पाहावा. तो थरथरत गोठला नाही तर आणखी आटवावा. भाजून निघालेल्या पोर्क पायमध्ये लगेच रस ओतला तर तो मांसात व कवचात शोषला जातो. पोर्क पाय कोमट झाल्यावर, झाकणाच्या मधल्या भोकातून, अगदी लहान नरसाळ्याने, थोडा थोडा ओतावा आणि मध्ये थांबत राहावे. बाजूने ठिबकू लागला तर ओतणे थांबवून त्या भेगेत मऊ लोणी दाबावे, पोर्क पाय फ्रीजमध्ये ठेवावा आणि लोणी घट्ट झाल्यावर उरलेला रस ओतावा.

मोहरीची पूड वापरणार असाल तर ती गार पाण्यात कालवून दहा मिनिटे ठेवावी. उकळत्या पाण्यात कालवली तर तिला तिखटपणा येत नाही आणि मागे नुसता कडवटपणा उरतो. शाकाहारी पाहुण्याला आतले मांस काढून नुसते कवच वाढणे ही गंभीर चूक आहे, कारण कवचातच लार्ड असते. त्यांच्यासाठी यॉर्कशरची जुनी फ्रुमेंटी करावी. सालासकट गहू रात्रभर भिजवून आधी पाण्यातच मऊ शिजवावेत, मग दूध, साखर, मनुका व जायफळ घालावे. गहू थेट दुधात घातला तर तासन्‌तास शिजवूनही दाताखाली कचकचतो. कॉर्नवॉलच्या केशरी बनचेही असेच आहे: केशर आदल्या रात्री कोमट पाण्यात भिजवले नाही तर रंग आणि वास दोन्ही पिठात उतरत नाहीत.

कापलेला पोर्क पाय दिवसभर टेबलावर ठेवू नये. कापलेल्या बाजूला कागद लावून तो फ्रीजमध्ये ठेवावा आणि तीन दिवसांत संपवावा. सव्वीस तारखेला दुपारी उरलेल्या गार मांसाबरोबर तोही वाढता येतो.