विनाइल बसवण्याआधी जुना कोबा समतल करताना

जुन्या कोब्यावर विनाइल (प्लास्टिकचे फ्लोअरिंग) अंथरायचे असेल, तर साइटवर ज्याला सगळे सेल्फ-लेव्हलिंग म्हणतात ते स्क्रीड, म्हणजे पाण्यात कालवून ओतल्यावर आपोआप समतल पसरणारे सिमेंटी मिश्रण, ओतण्याचे काम अर्ध्या-पाऊण तासात उरकते. वेळ खाते ती त्याआधीची तयारी.

प्रथम लाकडी दांड्याने जमीन ठोकत जावे आणि जिथे बद्द आवाज येईल तो भाग खडूने आखून, फोडून, नव्याने भरून घ्यावा, कारण तळ सुटलेला असला की वरचा थरही त्याच्याबरोबर उखडतो. रंगाचे डाग, मेण, जुना गोंद घासून काढावा आणि धूळ झाडूने न उडवता व्हॅक्यूमने ओढून घ्यावी. ओल तपासण्यासाठी प्लास्टिकचा मीटरभर तुकडा चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूला दव धरले, तर काम तिथेच थांबवावे.

स्क्रीडआधी कोब्याची छिद्रे बंद करण्यासाठी प्रायमर नावाचा द्रव मारतात. त्याऐवजी सिमेंटचे पाणी मारण्याची सवय अनेक मिस्त्रींना असते, पण इथे ती चालत नाही. कोरडा कोबा स्क्रीडमधले पाणी शोषून घेतो, आतली हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येते आणि पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढी भोके राहतात. पाण्याचा थेंब टाकताच जिरला, तर प्रायमरचे दोन हात द्यावेत.

दहा बाय बारा फुटांच्या खोलीत सरासरी 3 मिलिमीटर जाडीसाठी साधारण 54 किलो कोरडी स्क्रीड पावडर, म्हणजे 25 किलोच्या तीन गोणी लागतात. दारात लाकडी पट्टी ठोकावी आणि पाइपभोवतीच्या फटी बुजवाव्यात, नाहीतर माल खालच्या मजल्यावर पोहोचतो. पाणी गोणीवर छापलेल्या मापानेच घ्यावे. सैल वाहावे म्हणून तांब्याभर जास्त ओतले, की वर सायीसारखा पांढरा थर येतो आणि वाळल्यावर तो नखानेही खरवडला जातो. मिश्रण दूरच्या भिंतीपासून दाराकडे ओतत यावे, दातेरी थापीने पसरावे आणि ते ओले असतानाच काटेरी रोलर फिरवावा. एक बादली ओतून झाली, की दुसरी तयार हवी. वाळेपर्यंत पंखा बंद आणि खिडक्या लावलेल्या असाव्यात, कारण वाऱ्याने वरचा थर आधी आवळतो आणि तडकतो.

न्हाणीघरात आणि बाल्कनीत मात्र हा माल ओतू नये. तिथला उतारच तो बुजवून टाकतो.