वडाचं बोन्साय: आधी मोठी कुंडी, मग ट्रे

माझं माहेर तासगावचं, द्राक्षबागेतलं. छाटणी बघतच मी मोठी झाले. तरी पहिल्या वडाला चुकलेच. सांगलीत विश्रामबागला आमच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या भेगेत वीतभर रोप उगवलं होतं. ते हौसेनं आणून थेट उथळ ट्रेमध्ये बसवलं. तीन वर्षं जगलं, पण खोड पेन्सिलीएवढंच राहिलं.

खोड भरायला मुळांना जागा आणि शेंड्याला मोकळीक लागते. म्हणून पहिली तीन-चार वर्षं रोप 8-10 इंची कुंडीतच वाढवा. बुंध्याजवळची एक फांदी मुद्दाम न छाटता लांबू द्या. ती जितकी वाढेल तितका तिच्याखालचा बुंधा फुगतो. मग ती काढून टाकायची.

नदीकाठची काळी माती उसाला सोनं, पण कुंडीत नको. ती पाणी धरून ठेवते, मुळं कुजतात, आणि वाळली की दगड होते. मी विटांचे तुकडे हातोडीनं फोडून चाळते. हरभऱ्याच्या डाळीएवढी खडी ठेवायची, भुकटी टाकून द्यायची. दोन भाग खडी, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत. भोकांवर खिडकीच्या जाळीचा तुकडा. वरून घातलेलं पाणी लगेच खालून वाहायला हवं.

आमची बाल्कनी पश्चिमेची. एप्रिल-मेमध्ये फरशी इतकी तापते की कुंडीतली मुळं भाजतात. म्हणून कुंडी लाकडी पाटावर ठेवते आणि दुपारी हिरवी शेडनेट ओढते. पाणी वेळ बघून नाही, माती बघून घाला. बोटाचं एक पेर आत कोरडं लागलं की भरपूर घालायचं.

कुंडी बदलायची ती जूनमध्ये, पाऊस धरला की. सोटमूळ आखूड करा, बाजूला पसरलेली मुळं जपा. पुढे बुंध्याला तीच शोभा देतात. एका वेळी तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त मुळं कापू नका. मग पंधरा दिवस सावलीत.

फांदीला सहा-सात पानं आली की दोन-तीन राखून शेंडा मारा. शेवटच्या पानाच्या बगलेतला डोळा ज्या दिशेला, फांदी त्याच दिशेला फुटते. वडील वेलीपाशी हेच दाखवायचे, बोट डोळ्यावर ठेवून. चीक गळेल, ओल्या फडक्यानं दाबून धरा. तो आपल्या डोळ्यात जाऊ देऊ नका.

वळण द्यायला ॲल्युमिनियमची तार. पावसाळ्यात वड झपाट्यानं फुगतो, म्हणून दर रविवारी तार बघा. सालीत रुतायला लागली की पक्कडीनं तुकडे करून काढा. उलगडत बसलात तर फांदी मोडते.

पानाखाली पांढरा कापूस दिसला तर पिठ्या ढेकूण समजा. जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून घासून काढा, आठवड्यानं पुन्हा बघा.

त्याच भेगेतून आणलेला दुसरा वड आता चार वर्षांचा आहे. बुंधा अंगठ्याहून जाड झालाय. ट्रे आणून ठेवलाय, येत्या जूनची वाट बघतेय.