रेन गार्डन करताय की डासांचं डबकं? सोसायटीत आणि गल्लीत पाणी मुरवताना या चुका टाळा

पुण्यात हल्ली गल्लीबोळ काँक्रीटचे झालेत, सोसायट्यांमध्ये कंपाउंडपासून कंपाउंडपर्यंत पेव्हर ब्लॉक, आणि अर्धा तास दणकून पाऊस पडला की पार्किंगमध्ये घोट्याएवढं पाणी. मग कोणीतरी ग्रुपवर रेन गार्डनचा फोटो टाकतं, फोटो बहुतेक वेळा अमेरिकेतल्या पोर्टलंड नाहीतर सिॲटलचा असतो, सगळे अंगठा दाखवतात, मीटिंगमध्ये ठराव होतो, माळीकाकांना बोलावून पंचवीस-तीस रोपं लावली जातात आणि पहिल्याच मोठ्या सरीत कळतं की पाणी गार्डनच्या बाजूने वाहत जाऊन नेहमीच्याच जागी साचलंय. किंवा गार्डनमध्ये शिरलं खरं, पण आठवडा झाला तरी हलायचं नाव घेत नाही.

माझं स्पष्ट मत आहे की हे काम आधी लेव्हलचं, मग मातीचं आणि सगळ्यात शेवटी झाडांचं आहे. आपण बरोबर उलटीकडून सुरुवात करतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, रेन गार्डन म्हणजे आजूबाजूच्या जमिनीपेक्षा सहा-आठ इंच खोल ठेवलेला वाफा, त्यात गच्चीचं नाहीतर रस्त्याचं पाणी वळवायचं, ते थोडा वेळ थांबतं, मातीतून गाळून खाली मुरतं आणि जास्तीचं पुढे गटारात जातं. असेच वाफे अख्ख्या रस्त्याच्या कडेने ओळीने केले, सोबत झाडं लावली, की त्याला ग्रीन स्ट्रीट म्हणतात. पोर्टलंडमध्ये २००३ साली सिस्कियू नावाच्या साध्या निवासी रस्त्यावर कडेच्या पार्किंगची थोडी जागा घेऊन असे वाफे केले आणि नंतर बऱ्याच शहरांनी ते बघून स्वतःकडे केलं.

वाफा उंच, रस्ता खाली

सगळ्यात कॉमन चूक हीच, आणि ती इतकी उघड आहे की कोणाला दिसतच नाही. आपल्याकडे बाग म्हणजे वीट-सिमेंटचा कठडा बांधायचा, आत ट्रकभर लाल माती ओतायची आणि वर हिरवळ. मातीचा ढीग पेव्हर ब्लॉकच्या वर चार-सहा इंच. आता पाणी चढून आत जाणार आहे का? जायचं राहिलं बाजूला, पावसात त्याच वाफ्यातली माती वाहून चेंबरमध्ये जाते.

म्हणजे वाफ्याचा तळ रस्त्यापेक्षा खाली हवा आणि कर्बच्या, म्हणजे रस्त्याच्या कडेच्या दगडात खाच हवी, निदान फूट-दीड फूट रुंद. चार इंची पाईप टाकून भागवतात काही जण, तो पहिल्या पंधरा दिवसांत पाचोळा आणि गुटख्याच्या पुड्यांनी बंद होतो. खाचेच्या आत लगेच दोन इंचांचा उतार पाहिजे, नाहीतर तोंडाशी गाळ साचून छोटा बांध तयार होतो आणि पाणी सरळ पुढे निघून जातं. तोंडाशी मोठे दगड बसवा, पाणी जोरात येतं तेव्हा माती उखडत नाही.

आणि लेव्हल डोळ्याने बघू नका. गवंड्याकडे लेव्हल पाईप असतोच, पाणी भरलेली ती पारदर्शक नळी, दहा मिनिटांत सगळं कळतं. त्याहून सोपं म्हणजे कागदावर काही काढायच्या आधी एका जोरदार पावसात छत्री घेऊन खाली उतरा आणि पाणी खरं कुठून कुठे जातंय त्याचा व्हिडिओ काढून ठेवा, कारण पेव्हर ब्लॉक खचून खचून मूळ ढाळ कधीच बदललेला असतो.

मातीची टेस्ट न करता खोदकाम

इथे सिॲटलचीच गोष्ट सांगतो, फोटो तिकडचे टाकतो तर फसलेलं कामही बघितलं पाहिजे. बॅलर्ड नावाच्या भागात २०१० मध्ये महापालिकेने रस्त्याच्या कडेने बरीच रेन गार्डन केली. तिथे पावसाचं पाणी आणि मैला एकाच लाईनीतून जातो, पाऊस वाढला की लाईन भरून सगळं बाहेर पाण्यात सोडावं लागतं, ते कमी करायचं होतं. हेतू चांगला, डिझाईन करणारे अनुभवी, याच शहराने त्याआधी सेकंड ॲव्हेन्यूवर असाच एक रस्ता करून तिथून बाहेर जाणारं पाणी जवळजवळ बंद केलं होतं. पण बॅलर्डमध्ये बऱ्याच वाफ्यांत पाणी मुरेना. खालची माती जागोजागी वेगळी होती आणि ती पुरेशी तपासली नव्हती. घरासमोर डबकी, लहान मुलांच्या आईबापांची तक्रार, शेवटी काही वाफे बुजवावे लागले आणि काहींना खालून पाईप टाकून दुरुस्त करावं लागलं.

आपल्याकडे तर माती अजूनच लहरी. पुण्यात एका टोकाला दोन फुटांवर मस्त मुरूम लागतो, पाणी गटागट पितो, आणि शंभर मीटरवर काळी माती किंवा सरळ काळा पाषाण. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्या भेगा मिटून पाणी वरच राहतं. शिवाय सोसायटीच्या जागेत बिल्डरने पुरलेला राडारोडा असतो, वरून डंपर-जेसीबी फिरून जमीन दगडासारखी दबलेली असते.

टेस्टला खर्च शून्य. जिथे वाफा करायचाय तिथे एक फूट लांब-रुंद-खोल खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा, पूर्ण जिरू द्या, परत भरा आणि या दुसऱ्या वेळी पट्टी लावून तासाला पाणी किती उतरतं ते मोजा. पहिल्या वेळचा आकडा धरू नका, कोरडी माती सुरुवातीला खोटं चांगलं दाखवते. तासाला अर्धा इंच किंवा जास्त उतरलं तर बिनधास्त करा. त्यापेक्षा कमी असेल तर तळाला खडीचा थर आणि त्यात भोकं पाडलेला चार इंची पीव्हीसी पाईप टाकून तो पावसाळी लाईनीला जोडा. असा वाफा पाणी कमी मुरवतो पण थांबवतो, गाळतो आणि हळू सोडतो, तेही काम वाया जात नाही. लांब पट्टा असेल तर दर दहा-पंधरा मीटरवर वेगळा खड्डा, बॅलर्डवाल्यांचा धडा तोच.

खोदल्यावर जेसीबी वाफ्यात उतरवू नका. बाहेर उभा राहून खोदू दे. आणि वाफा भरताना नुसती लाल माती आणि शेणखत नको, साधारण निम्मी जाडसर वाळू, उरलेल्यात चांगली माती आणि कंपोस्ट. क्रश सँड (दगड फोडून केलेली वाळू) घेणार असाल तर धुतलेली मागा, त्यातली भुकटी खाली बसून सगळं चोंदवते.

पाण्याचा हिशोबच नाही

लोक कोपऱ्यात चारपाई एवढा वाफा करतात आणि अख्ख्या गल्लीचं पाणी जिरेल म्हणतात. गणित शाळेतलंच आहे, एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. सहा मीटर रुंद, शंभर मीटर लांब काँक्रीटची गल्ली म्हणजे ६०० चौरस मीटर. एका सरीत २५ मिमी पडला तर १५,००० लिटर, थोडं इकडेतिकडे गेलं तरी साडेबारा हजाराच्या वर वाहत येणार, म्हणजे मोठ्या टँकरपेक्षा जास्त. वर सहा इंच पाणी उभं राहील, खाली दीड फूट भुसभुशीत माती आणि त्याखाली फूटभर खडी धरली तर त्याला साधारण ३५ चौरस मीटर वाफा लागतो. म्हणजे पाणी जिथून येतं त्या जागेच्या पाच-सहा टक्के, माती कमी मुरवणारी असेल तर दहा टक्के धरा.

सिॲटलचं माप जसंच्या तसं उचलायचं नाही हे पण यातच आलं. तिथे पाऊस पुण्यापेक्षा वर्षाला जास्तच पडतो पण महिनोन्महिने रिपरिप, आपल्याकडे चार महिन्यांत आणि तोही तासाभरात धो-धो. त्यामुळे आपला वाफा भरून वाहणारच, आणि ओव्हरफ्लो न ठेवणं ही मोठी चूक. भरल्यावर पाणी कुठून बाहेर जाईल ते आधी ठरवा. ओव्हरफ्लोचं तोंड वाफ्याच्या तळापासून सहा इंच वर आणि पार्किंगच्या लेव्हलपेक्षा खाली, नाहीतर तुम्ही स्वतःच्या हाताने लिफ्टच्या खड्ड्यात पाणी सोडताय. बिल्डिंगच्या पायापासून तीन मीटर तरी लांब राहा, काळी माती असेल तर अजून लांब.

अपेक्षा पण जरा जमिनीवर ठेवा. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातल्या आंबिल ओढ्याला जो पूर आला तो कुठल्याही रेन गार्डनने थांबला नसता. चीनमधलं झेंगझोऊ तर स्पंज सिटी, म्हणजे पावसाचं पाणी स्पंजसारखं शोषून घेणारं शहर, म्हणून मिरवत होतं, २० जुलै २०२१ ला तिथे एका तासात २०१.९ मिमी पाऊस झाला आणि भुयारी रेल्वेत पाणी शिरून माणसं गेली. मुरवणं हे नेहमीच्या सरींसाठी, ढगफुटीसाठी नाले आणि ओढे मोकळेच लागतात. नाल्यावर स्लॅब टाकून पार्किंग केलेल्या सोसायटीने गेटवर रेन गार्डन केलं तर मला हसू येतं, रागही येतो.

घाण पाणी आणि बोअरवेल

गाड्या धुतलेलं साबणाचं पाणी, कचऱ्याच्या डब्यांजवळचं पाणी, ड्रेनेज तुंबल्यावर वर येणारं पाणी, यातलं काहीही वाफ्यात येता कामा नये. बऱ्याच जुन्या सोसायट्यांत ड्रेनेजची एखादी लाईन गुपचूप पावसाळी चेंबरला जोडलेली असते. उन्हाळ्यात, महिनाभर पाऊस नसताना त्या चेंबरचं झाकण उघडा. आत पाणी वाहतंय? मग आधी प्लंबर बोलवा, गार्डनचं नंतर बघू.

दुसरं, रस्त्याचं पाणी सरळ बोअरवेलमध्ये सोडू नका, कितीही मोठ्या फिल्टरची जाहिरात असो. त्यात ऑइल, टायरची झीज, कुत्र्यांची घाण, सगळं असतं आणि एकदा खोलवर खडकात गेलं की काढता येत नाही. बोअरला फक्त गच्चीचं, पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून देऊन, गाळलेलं. रस्त्याचं पाणी मातीतूनच जाऊ दे.

झाडांची निवड

लोक कमळ-वॉटर लिलीच्या मागे लागतात. रेन गार्डन तळं नाहीये. वर्षातले आठ महिने ते कोरडं ठणठणीत असणार, म्हणजे दोन दिवस पाण्यात उभं राहणारं आणि एप्रिलचं ऊन सोसणारं झाड पाहिजे. तळाला वाळा बेस्ट, मुळं खोल जातात आणि माती धरून ठेवतात. कर्दळ, स्पायडर लिली चालतात, फक्त उन्हाळ्यात थोडं पाणी. कडेला, जिथे पाणी कमी थांबतं तिथे अडुळसा, निर्गुडी. लॉन अजिबात नको. लागवड भर पावसात केली की रोपं वाहून जातात, तोंडाजवळची तरी मे महिन्यातच लावून रुजू द्या. आणि वर लाकडाचा भुसा किंवा सुका पालापाचोळा पसरू नका, तो तरंगतो आणि ओव्हरफ्लोच्या जाळीवर जाऊन बसतो.

बिल्डिंगचं रंगकाम, रस्त्याचं काम चालू असेल तर गार्डन सगळ्यात शेवटी. ठेकेदाराची माणसं सिमेंटची घमेली कुठे धुतात ते तुम्हाला माहिती आहेच.

रस्त्याच्या कडेला करणार असाल तर ती जागा महापालिकेची, वॉर्ड ऑफिसची परवानगी लागते, आणि खाली महावितरणची केबल, गॅसची लाईन, फायबर, पाण्याची लाईन असं काय काय असतं. कुदळ मारायच्या आधी विचारा.

आधीच बिघडलंय, आता काय?

हिशोब साधा, पाऊस थांबल्यापासून ४८ तासांत वाफा कोरडा दिसला पाहिजे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडायला आठवडाभर तरी लागतो, म्हणून दोन दिवसांत जिरणाऱ्या वाफ्यात त्याचं काही होत नाही, ग्रुपवर "डास होतील" म्हणणाऱ्या काकांना हेच सांगा. पण आठवडा पाणी राहत असेल तर काकांचं बरोबर आहे.

शोधायला सोपं व्हावं म्हणून बांधतानाच एक उभा पाईप खडीच्या थरापर्यंत ठेवायचा, वर झाकण. नसेल तर आता पहारीने भोक करून टाका. वर पाणी साचलंय आणि पाईप कोरडा, म्हणजे वरचा थर गाळाने चोंदलाय, पाणी उतरल्यावर वरची दोन-तीन इंच माती खरवडून बदला, बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. पाईप पण भरलेला, म्हणजे खालची जमीन पीत नाहीये किंवा तळाचा पाईप तुंबलाय. तळाला पाईप असेल तर जेटिंग करून (जोराच्या पाण्याने साफ करून) घ्या, नसेल तर उन्हाळ्यात वाफा उकरून पाईप टाकावा लागेल, मधला मार्ग नाही. आणि पाऊस पडूनही वाफा कोरडाच असेल तर पाणी आतच येत नाहीये, कर्बची खाच बघा, तिथे गाळ नाहीतर कोणाची तरी ॲक्टिव्हा असते.

तोंडाशी साचलेला गाळ मे अखेरीस एकदा आणि पावसाळ्यात दर मोठ्या पावसानंतर फावड्याने काढायचा, अर्ध्या तासाचं काम आहे. हे कोण करणार त्याचं नाव मीटिंगच्या वहीत लिहून घ्या, "सोसायटी करेल" असं लिहिलं तर कोणीच करत नाही.