हॉस्टेलवर राहताना पाणी, वीज आणि ताटातलं अन्न कसं वाचवावं

आधीच सांगतो, यासाठी काहीही विकत घ्यायचं नाही. बांबूचा टूथब्रश, ज्यूटची पिशवी, पाचशे रुपयांची 'इको' बाटली यातलं काही नाही. घरून येताना आईने दिलेली स्टीलची बाटली, एक वाटी आणि जुन्या चादरीची शिवलेली पिशवी एवढ्यावर भागतं. मी साताऱ्यात हॉस्टेलवर तीन वर्षं काढली, त्यात जे जमलं तेवढंच इथे लिहितोय.

पहिला आठवडा फक्त बघा. मजल्यावरचा कोणता नळ ठिबकतो, रिकाम्या खोलीत पंखा कुठे फिरतोय, मेसच्या खरकट्याच्या बादलीत काय पडतं, हे वहीत लिहून ठेवा. आमच्या मजल्यावर एका नळातून सेकंदाला एक थेंब गळायचा. रात्री त्याखाली बादली ठेवली आणि दुसऱ्या रात्री त्याच वेळी पाहिली, तर जवळजवळ भरलेली! रेक्टरकडे नुसतं 'नळ गळतोय' म्हणून गेलं की 'बघू' असं उत्तर येतं. आम्ही भरलेल्या बादलीचा फोटो दाखवला, तेव्हा दोन दिवसांत वायसर बदलला गेला. साताऱ्याच्या पेठांना कासच्या तलावाचं पाणी येतं. ते डोंगरावरून खाली आणायचं आणि बाथरूममध्ये ठिबकत सोडायचं, हे काही बरं नाही.

मग मेस. इथे जरा वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त नासाडी इथेच होते. आठवडाभर रोज जेवणानंतर खरकट्याची बादली किती भरली ते पाहा आणि फळ्यावर लिहा. नावं लिहायची नाहीत, कोणाला टोमणे मारायचे नाहीत. आमच्याकडे दोन बादल्या भरायच्या आणि त्यात निम्म्याहून जास्त भातच असायचा. पोरं माजली आहेत असं सगळे म्हणत होते. नीट पाहिलं तर भात वाढायला मोठा डाव होता. वाढणारे काका एकदाच डाव मारायचे आणि ताट भरायचं. आम्ही त्यांना भाजीची पळी वापरायला सांगितलं, हवं तर दोनदा वाढा म्हटलं. काका आधी कुरकुरले, 'रांग लांबेल' म्हणाले. रांग थोडी लांबली खरी, पण आठवड्याभरात एक बादली कमी झाली. तेव्हा माणसांना उपदेश करण्याआधी डाव बघा.

विजेचं गणित सोपं आहे. हजार वॉटचं उपकरण तासभर चाललं की एक युनिट. 1500 वॉटचा पाणी तापवायचा रॉड 40 मिनिटं लावून ठेवला की एक युनिट संपलं. तेवढ्याच विजेवर 75 वॉटचा जुना पंखा 13 तास फिरतो. बादलीभर पाणी कोमट व्हायला साधारण 20 मिनिटं पुरतात, म्हणून मोबाईलवर अलार्म लावा. स्विच बंद करून प्लग काढल्याशिवाय पाण्यात बोट घालायचं नाही. बऱ्याच हॉस्टेलांवर रॉडला बंदीच असते. तशी असेल तर सोलरचं गरम पाणी कधी येतं ते विचारा आणि त्या वेळेला उठा. (मला हे तीन वर्षांत जमलं नाही.)

कागदाचं काम झटपट होतं. जर्नल, असाइनमेंट, चुकीच्या झेरॉक्स यांचे पाठकोरे कागद जमवा आणि पोवई नाक्यावरच्या कुठल्याही झेरॉक्सवाल्याकडून स्पायरल करून घ्या, सेमिस्टरची कच्ची वही तयार. ऍप्रन, ड्राफ्टर, पुस्तकं सिनियरांकडून घ्या आणि जाताना पुढच्यांना द्या.

चहाच्या टपरीवर 'काका, काचेच्या ग्लासात द्या' म्हणायचं. कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, त्यामुळे तो रद्दीवालाही घेत नाही. कासला फुलं बघायला जाताना वेफर्सची रिकामी पाकिटं बॅगेतच ठेवून परत आणा. 2012 पासून ते पठार जागतिक वारसा आहे, पण पाकिटांना ते कोण सांगणार?

शेवटचं काम खताचं, त्याला दोन-चार जण लागतात. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 साली साताऱ्यात वसतिगृह काढलं तेव्हा मुलं हातांनी कामं करून शिकायची, तेव्हा एक ड्रम सांभाळायला लाजू नका. जुन्या ड्रमला बुडाशी आणि बाजूला भोकं पाडा, खाली सुका पाला पसरा. रोज मेसमधली भाजीची देठं, सालं, चहाचा चोथा टाका आणि त्यावर दुप्पट सुका पाला. शिजवलेलं अन्न सुरुवातीला नको, उंदीर येतात. आठवड्यातून एकदा काठीने ढवळा. मूठभर उचलून दाबून बघा: पाणी टपकलं तर पाला वाढवा, भुगा झाला तर थोडं पाणी शिंपडा. वास आला तरी पालाच. साताऱ्याच्या पावसात वर पत्रा ठेवायला विसरू नका. आमचा पहिला ड्रम जुलैत उघडा राहिला आणि त्याची अक्षरशः आमटी झाली. दुसरा झाकून ठेवला, दोन-अडीच महिन्यांत काळं, ओल्या मातीच्या वासाचं खत निघालं. ते मेसमागच्या कढीपत्त्याला घातलं.