ऑनलाइन आणि दुकान अशी मिश्र खरेदी करणाऱ्या ग्राहकांचा कल कसा अभ्यासावा

वस्तू मोबाइलवर पाहायची, दुकानात जाऊन हाताळायची, पैसे पुन्हा ॲपवर भरायचे आणि पसंत न पडल्यास ती दुकानात परत करायची, असे करणाऱ्या ग्राहकाला ‘तुम्हाला ऑनलाइन खरेदी आवडते की दुकानातली?’ असे विचारून फारसे काही हाती लागत नाही. त्याची पसंती माध्यमानुसार नव्हे, तर खरेदीच्या टप्प्यानुसार बदलत असते.

म्हणून प्रश्नावलीची सुरुवात मतांपासून न करता नुकत्याच केलेल्या एका खरेदीपासून करावी. वस्तू कोणती होती, माहिती कुठे मिळवली, निर्णय कुठे पक्का झाला, पैसे कुठे भरले, वस्तू ताब्यात कशी आली आणि परत करावी लागली असल्यास कुठे केली, हे याच क्रमाने विचारावे. दुकानात पाहून ऑनलाइन घेणारे, म्हणजे शोरूमिंग करणारे, आणि ऑनलाइन माहिती काढून दुकानात घेणारे, म्हणजे वेबरूमिंग करणारे, या उत्तरांतूनच वेगळे होतात. त्यासाठी वेगळा प्रश्न लागत नाही.

त्यानंतर मतांकडे वळावे. संशोधक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये तंत्रज्ञान-स्वीकाराच्या संदर्भात मांडलेले दोन निकष, जाणवणारी उपयुक्तता आणि जाणवणारी सुलभता, येथेही उपयोगी पडतात. मात्र ते प्रत्येक टप्प्यासाठी स्वतंत्रपणे विचारावेत, कारण शोधायला सोपे वाटणारे ॲप वस्तू परत करताना डोकेदुखी ठरू शकते. वस्तू हाताळून पाहण्याची, म्हणजे स्पर्शाची, गरजही माणसागणिक बदलते. पेक आणि चाइल्डर्स या संशोधकांनी २००३ मध्ये तिच्यासाठी मापनश्रेणी तयार केली आणि निर्णयापुरता स्पर्श व निव्वळ आनंदासाठी केलेला स्पर्श असा भेद केला. कपडे विकणाऱ्याला हा भेद महत्त्वाचा आहे, चार्जर विकणाऱ्याला फारसा नाही.

लिकर्ट पद्धतीची, म्हणजे ‘पूर्ण असहमत’ ते ‘पूर्ण सहमत’ अशा पाच पायऱ्यांत उत्तर देण्याची विधाने वापरताना एका विधानात एकच मुद्दा ठेवावा. ‘दुकान आणि ॲप यांतील किंमत व सेवा सारखीच असते’ या विधानाला कोणी असहमती दर्शवली, तर ती किंमतीबद्दल आहे की सेवेबद्दल, हे कळत नाही. दोन्हीकडील किमतींतील तफावत, साठ्याची चुकीची माहिती आणि ऑनलाइन घेतलेली वस्तू परत घेण्यास दुकानाने दिलेला नकार यांवर वेगवेगळी विधाने असावीत. माझ्या मते ग्राहकाची नाराजी सर्वांत स्पष्ट दिसते ती इथेच.

केवळ ऑनलाइन फॉर्म पाठवल्यास इंटरनेट कमी वापरणारे सुटतात आणि केवळ दुकानाच्या दारात उभे राहिल्यास तिथे न येणारे सुटतात. दोन्ही मार्ग वापरून प्रत्येक उत्तर कुठून आले याची नोंद ठेवावी आणि सर्वांची एकच सरासरी काढू नये, कारण परस्परविरोधी मतांचे दोन गट असल्यास ती मधोमध येते आणि प्रत्यक्षात कोणत्याच गटाचे मत सांगत नाही. ग्राहकाची संमती असेल, तर त्याची उत्तरे खरेदीच्या बिलांशी ताडून पाहावीत.