नगरपालिकेला उभे राहताय? जुन्या गावांत या चुका टाळा

निवडणूक जाहीर झाली की इच्छुक मंडळी आधी फोटोग्राफर गाठतात, मग फ्लेक्सवाला. मतदार यादी मागतात ती अर्ज भरायच्या तोंडावर. वाई, पैठण, पन्हाळा अशा जुन्या गावांत हे फार महागात पडतं. पन्हाळ्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेतीन हजारांच्याही आत होती. एवढ्या गावाचे प्रभाग पाडले की प्रत्येक प्रभागात मोजकीच मतं उरतात. तिथला प्रत्येक मतदार नावानं आणि घरानं ओळखीचा हवा. हे काम ज्याला जड वाटतं त्यानं उभं राहू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी न वाचणं ही सगळ्यात मोठी चूक. नगरपरिषदेसाठी वेगळी यादी तयार होत नाही. राज्य निवडणूक आयोग विधानसभेची यादी एका ठरावीक तारखेची घेतो आणि ती प्रभागांनुसार फोडतो. या टप्प्यावर नवीन नाव चढत नाही. मात्र चुकून शेजारच्या प्रभागात गेलेलं नाव प्रारूप, म्हणजे कच्च्या, यादीवर हरकत घेऊन परत आणता येतं. ही मुदत थोड्या दिवसांची असते. जुन्या पेठांत घोळ हमखास होतो, कारण प्रभागाची हद्द पुष्कळदा आळीच्या मधोमध जाते आणि यादीत घर क्रमांकाच्या रकान्यात नुसतं शून्य असतं.

एका घाटाकाठच्या गावात हे जवळून पाहिलं. उमेदवार चांगला होता, आळीतल्या प्रत्येकाच्या अडीअडचणीला धावणारा. प्रारूप यादी लागली तेव्हा तो जाहीरनाम्याची छपाई बघत होता. यादी कुणीतरी मोबाईलवर पाठवली होती, ती त्यानं उघडली नाही. मतदानाच्या दिवशी सकाळीच त्याच्या सख्ख्या चुलत्यांचं कुटुंब केंद्रावरून परत आलं. ‘आमची नावं इथं नाहीत म्हणतात, पलीकडच्या शाळेत जा म्हणाले.’ मग एकामागून एक घरं तसंच सांगू लागली. आळीची नदीकडची अख्खी बाजू दुसऱ्या प्रभागात गेली होती. त्या लोकांनी पलीकडे जाऊन मतदान केलं, पण तिथल्या उमेदवारांना. हा पडला, आणि जेवढ्या मतांनी पडला त्याहून जास्त मतं त्या एका बाजूला होती.

म्हणून प्रारूप यादी आली की मी ती कागदावर छापून घेतो आणि लाल पेन घेऊन घरोघर फिरतो. मयत, लग्न होऊन सासरी गेलेली, नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली, दुबार, अशा खुणा करतो. घर क्रमांकाऐवजी वाड्याचं नाव लिहितो, कारण एका पेठेत एकाच आडनावाची तीस घरं असतात. मोबाईलवरच्या ॲपनं हे होतं असं तरुण पोरं सांगतात. ॲपला कोणता वाडा कुणाचा हे ठाऊक नसतं. पायीच फिरा.

दुसरी चूक म्हणजे पालिकेच्या हातात नसलेली आश्वासनं. पन्हाळा गावच किल्ल्यात वसलं आहे आणि जुलै २०२५ मध्ये तो किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला. केंद्र सरकारच्या संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरच्या आत नवीन बांधकामाला बंदी असते आणि त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगीनंच काम करता येतं. आत राहणाऱ्याला घराच्या दुरुस्तीसाठीही अर्ज करावा लागतो. अशा ठिकाणी ‘निवडून द्या, बांधकाम परवाने मोकळे करतो’ म्हणणारा उमेदवार लोकांची फसवणूक करतो. पिढ्यानपिढ्या त्या कागदांमागे फिरलेल्या माणसांना नियम उमेदवारापेक्षा जास्त पाठ असतात. मी उमेदवाराला एवढंच सांगतो, ‘दुरुस्तीचे अर्ज भरून देण्याची आणि पाठपुराव्याची जबाबदारी घ्या. गटार, कचरा, पाणी, दिवाबत्ती यांवर बोला.’ त्यात टाळ्या कमी मिळतात, पण पुढची पाच वर्षं मान खाली घालावी लागत नाही.

घरपट्टी आधी बघा. जुना वाडा पणजोबांच्या नावावर, वारस डझनभर आणि पट्टी कुणीच भरत नाही, हे सर्रास चालतं. पालिकेची थकबाकी अपात्रतेचं कारण ठरू शकते. भाऊबंदांशी वाद नंतर घाला, पावती आधी फाडा.

१२ सप्टेंबर २००१ नंतरच्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनच्या वर गेली असेल तर अपात्रतेचा नियम नीट वाचून घ्या.

सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवून सही करणारा, त्याच प्रभागाचा मतदार हवा. मित्र जवळचा आहे म्हणून चालत नाही.

राखीव जागेसाठी जातीच्या दाखल्याबरोबर पडताळणीची कागदपत्रंही लागतात. समितीकडे आयत्या वेळी धावून काही होत नाही.

निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत आणि तरी पत्रकावर नवऱ्याचा फोटो मोठा असतो. मला याची चीड आहे. उमेदवार बाईच आहेत, सभेत त्यांनाच बोलू द्या.

मतदाराला फक्त तुमचं बटण शिकवू नका. दोन सदस्यांच्या प्रभागात दोन मतं आणि नगराध्यक्षाचं तिसरं. वयस्कर माणसं एक बटण दाबून निघू लागतात.

निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा आणि चहाच्या बिलापासून खर्च रोज लिहा. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो, पडलेल्या उमेदवारानंसुद्धा. तो न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्र ठरवता येतं.